तीन कडवी गप्प बसलेलं क्लॅरोनेट

उसाचा ट्रॅक्टर कारखान्याकडं न जाता उलट्या दिशेनं जायला लागला, की साल कसलं आहे ते आमच्याकडं कुणाला विचारावं लागत नाही. परवा दुपारी बीडला माझ्या स्टुडिओच्या खिडकीखालून असाच एक गेला. मागं दोन ट्रॉल्या, वर हिरवी वाढी लोंबलेली, आणि तो वळणावर दिसेनासा झाला तरी त्या पानांचा ओलसर, गोडूस वास खिडकीत रेंगाळत राहिला. गळीत हंगाम कधीच संपला होता. हा ऊस गाळायला नव्हता चालला, जनावरांच्या तोंडात चालला होता. यंदा पुन्हा चारा छावण्या पडल्या.

आत माझा रेकॉर्डिस्ट सुनील कॉम्प्युटरपुढं बसला होता. पाण्यावरचं गाणं, शब्द माझे, चाल माझी. त्यानं व्हायोलिनचे थरावर थर चढवले होते, खाली ढोल, बाजूला बासरी, आणि तरी त्याचा हात माऊसवरून उठत नव्हता.

"ताई, अजून काय टाकू?"

"आता काढायला लाग."

"कावून? भरलेलं वाटत न्हाई का?"

"वाटतंय ना. म्हणून तर."

तो गालात हसला. त्याला वाटतं ही ताईंची जुनी खोड आहे. असू दे. ही खोड मला एका उन्हाळ्यात लागली, आणि त्या उन्हाळ्याचा वास आत्ताच खिडकीखालून गेला होता.

त्या साली बी.ए.चा शेवटचा पेपर देऊन मी तेलगावच्या फाट्यावर उतरले ती घरी गेलेच नाही. घराला कुलूप होतं. दादा, म्हणजे माझे वडील, गेवराईकडं वीटभट्टीवर गेले होते, आणि आई दोन बैल, एक गाय नि एक कालवड घेऊन सहकारी साखर कारखान्याच्या आवारात राहायला गेली होती. मग मीही पिशवी घेऊन तिकडंच गेले. ऊसच नव्हता, त्यामुळं त्या साली कारखान्याचा बॉयलर पेटला नव्हता. ज्या आवारात हंगामात उसाच्या गाड्या नंबर लावून उभ्या असतात, तिथं हिरव्या जाळीखाली दावणीच दावणी. चिमणी गार पडलेली. जमिनीत मात्र जुन्या मळीचा आंबूस वास तसाच मुरलेला, आणि त्यावर शेणाचा, पेंडीचा, चुलीच्या धुराचा. आई-दादा ऊस तोडायला जायचे तेव्हा लहानपणी मी हे आवार दिव्यांनी लखलखलेलं पाहिलं होतं. आता तिथं माझी आई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. मला बघून म्हणाली, "झाली का पदवी? मंग हात धू आन् कालवडीला पाणी दाव."

सांगायला मला अजिबात संकोच नाही: आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढून पदवी घेऊन उतरलेली पहिली मी. आणि तीही संगीत घेऊन. हे ऐकून माझे चुलते किती तरी दिवस एकच गोष्ट विचारत राहिले होते.

"गाण्यात बी नापास करतेत का गं?"

"करतेत, तात्या."

"मंग तुला कसं काय सोडलं?"

छावणीत पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर आवाज. कडबा कुट्टीचं यंत्र सकाळपासून घरघरायचं. टँकर आला की पत्र्याच्या टाकीत पाणी आदळायचं. शेकडो गळ्यांतल्या घंटा, हंबरणं, रवंथ, बायकांच्या हाका. कुठलाच आवाज एकटा सापडत नसे. कॉलेजात आम्ही शांत खोलीत बसून गाणं शिकलो होतो, दार लावून, पंखासुद्धा बंद करून. गाणं कशाकशातून वाट काढत कानापर्यंत जातं, हे तिथं कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायचं कारणही नव्हतं, तिथं ऐकणारे समोरच बसलेले असत.

चंद्रकलाकाकू मला तिथंच गाठून बसल्या. नात्यानं त्या आमच्या कुणी नव्हेत, पण गावाच्या काकू. जाड भिंगाचा चष्मा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि आमच्या गावच्या महिला दूध संस्थेच्या त्या अध्यक्षा. संस्थेचं ऑफिस गावात, कुलूप लावलेलं. किल्ल्या मात्र छावणीतही कमरेलाच.

"गाण्यात पदवी घेतलीस म्हणं."

"हो काकू."

"मंग एक गाणं पायजे. संस्थेचं."

"कसलं? देवाचं, का प्रचाराचं?"

"दुधाचं," काकू म्हणाल्या.

अडचण अशी होती. तालुक्याच्या दूध संघाचा टेम्पो पहाटे फाटकाशी येऊन थांबायचा. छावणी लांबलचक. मागच्या दावणीच्या बायकांना तो आला कधी नि गेला कधी हे कळायचंच नाही. तेवढ्यात बाहेरच्या चहावाल्यांचा माणूस थेट दावणीपर्यंत येऊन दूध घेऊन जायचा. संस्थेचे क्यान अर्धे जायला लागले. संघानं निरोप धाडला होता, असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून टेम्पो पाठवणं जमणार नाही. टेम्पो बंद म्हणजे संस्था बंद. गावात जमिनीचा सातबारा, कारखान्याचे शेअर, सोसायटीचं सभासदत्व, सगळं पुरुषांच्या नावावर. बायकांच्या नावावर असलेली एवढी एकच गोष्ट होती. गुरं जगवायची म्हणून त्या घरदार सोडून इथं येऊन राहिल्या होत्या. गुरं जगली आणि संस्थाच मेली, तर गावी परत जाऊन काकू त्या किल्ल्यांनी काय उघडणार होत्या?

"भोंग्यावर गाणं लागलं की पार मागच्या दावणीच्या बाईला कळलं पायजे, टेम्पो आला," त्या म्हणाल्या. "आन् वार्षिक सभेत समद्यांदेखत म्हणायचं. सभा औंदा हितंच. सभासद समदे हितंच हाईत, गावात कोण हाय?"

शब्द मला दुसऱ्या दिवशी कालवडीला पाणी पाजताना सुचले.

तुझा पेला, माझा पेला,
भरू दे बाई क्यान गं,
टेम्पो आला फाटकापाशी,
राहू दे आपला मान गं.

चाल त्याच्या मागोमाग आली. चाल मला नेहमीच लवकर सापडते, यात मी खोटी नम्रता दाखवत नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं. चाल म्हणजे अंगाला बसेल अशी शिवलेली चोळी. तिच्यावर काय घालायचं नि काय नाही, हे ठरवायला डोकं लागतं. त्या वेळी माझ्या डोक्यात अख्खं कॉलेज भरलेलं होतं. पदवीचा कागद अजून हातात पडायचा होता, आणि शिकलेलं सगळं एकाच गाण्यात घालायची मला घाई झाली होती.

कॉलेजातल्या दोन मित्रांना बोलावलं, एक कीबोर्डवाला, एक ऑक्टोपॅडवाला. कोरस दोन पट्ट्यांत. कडव्यांच्या मधे लांबलचक म्युझिक, त्यात एक तान. आणि मातीचा वास यावा म्हणून गावातले दोन हलगीवाले. सायंकाळी वैरण टाकून झाल्यावर दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं आणि गाणं करून बघायचं ठरलं.

पहिलं कडवं झकास गेलं. दुसऱ्याच्या आधी हलगी कडाडली, आणि जाळीखाली बसलेली सगळी बैलं एकदम उठून उभी राहिली.

मी शेतकऱ्याची मुलगी असून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पोळा माणसांना कॅलेंडरात दिसतो, बैलांना तो हलगीत ऐकू येतो. हलगी वाजली म्हणजे शिंगांना रंग, पाठीवर झूल, वेशीतलं तोरण, मिरवणूक, आणि शेवटी पुरणपोळी. महिनोन् महिने एका खुंट्याला बांधलेली ती जनावरं. त्यांनी दावी ताणली, खुंटे उपसले, आणि निघालीच. कुणाचा बैल कुणाच्या चुलीवरून गेला. कुणाचा पाण्याच्या टाकीला धडकला. आमचा तांबडा तर थेट ट्रॉलीसमोर येऊन मान वर करून उभा राहिला, मिरवायला तयार.

ऑक्टोपॅडवाला कीबोर्डवाल्याला म्हणाला, "चल बे, गुंडाळ."

शेजारच्या दावणीचे दगडूआबा आपल्या बैलाच्या कासऱ्याला लोंबकळत माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "पोरी, पोळा तर आणलास. आता पोळी आण."

सगळी छावणी हसली. मीही हसले, पण माझे कान तापले होते.

मग मी उलट्या टोकाला गेले. सगळं काढून टाकलं. एक आवाज, एक टाळ, बस्स. गायला शालनवहिनी. ती दरसाल टोळीबरोबर ऊस तोडायला जाणारी, गाडीवरून हाका मारून मारून तिच्या आवाजाला उसाच्या पात्यासारखी कडेला धार आलेली. मोबाईलवर गाणं भरलं आणि पहाटे टेम्पोच्या भोंग्यावर लावलं. मला ते फार आवडलं होतं. कॉलेजातल्या सरांनाही आवडलं असतं.

मागच्या दावणीतून एकही बाई आली नाही. सकाळी विचारलं तर एकजण म्हणाली, "ऐकलं की. मला वाटलं कुणीतरी दळताना ओवी म्हणतंय."

आणि काकू. काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"तू आमाला बघून गाणं गरीब केलंस का गं?"

"साधं केलंय, काकू."

"साधं आन् गरीब मला कळतंय. हे गरीब हाय. घागर डोक्यावर घेऊन निघाली तरी बाई कपाळाला कुंकू लावून निघती. दुष्काळ हाय म्हणून गाणं बी कोरडं ठेवती का? आमच्या संस्थेचं गाणं हाय. जरा ऐट पायजे."

या वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षं गाणी केली आहेत. साधेपणाचं कौतुक करणारे बहुतेक जण पोटभर जेवून उठलेले असतात, हे मी त्यानंतर अनेक ठिकाणी पाहिलं. आमच्या बायकांना कमी मिळत होतं ते काय थोडं होतं, म्हणून मी गाण्यातही कमीच वाढणार होते? आणि आधी जे केलं तेही वाढणं नव्हतंच. ताटात सगळं एकाच जागी ओतलं होतं. दोन्ही वेळा मी वाद्यांचाच विचार करत होते, किती ठेवू आणि किती काढू. मागच्या दावणीला बसलेल्या बाईला नेमकं काय ऐकू गेलं पाहिजे, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

उत्तर आमच्याच मागच्या दावणीला म्हैस बांधून बसलं होतं.

अलीमभाई परळीच्या एका बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. त्या साली लोकांनी साखरपुड्यातच लग्नं उरकली, मग बँड कोण बोलावतो? भाई म्हशीला घेऊन छावणीत आले. क्लॅरोनेट एका जुन्या शर्टात गुंडाळून पेंडीच्या पोत्यावर ठेवलेलं. दुपारी म्हैस रवंथ करायला लागली की ते काढायचे नि तिलाच ऐकवत बसायचे. "परळीच्या वीजकेंद्राच्या राखेनं माझा आवाज गेला," ते म्हणायचे, "ह्या क्लॅरोनेटचा अजून हाय." मी एका दुपारी फाटकाजवळ टँकरच्या रांगेत उभी होते. मधे सगळी छावणी, कुट्टीचं यंत्र चालू, आणि तरी ते क्लॅरोनेट मला स्वच्छ ऐकू येत होतं. गोधडीतून सुई आरपार यावी तसं. वाटेतल्या बैलांकडं पाहिलं. कान हलत होते. उठलं कुणी नव्हतं.

घागर तिथंच ठेवून मी मागं गेले.

"भाई, संस्थेच्या गाण्यात तुमी पायजे."

"हौ, वाजवतो ना. कुठून सुरू करू?"

"चौथ्या कडव्यापासून."

"आन् पैल्या तीन कडव्यांत?"

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजी?"

"गप्प बसायचं."

भाईंनी क्लॅरोनेट पुन्हा शर्टात गुंडाळायला घेतलं. "बेटी, वरातीत मी फुंकल्याबिगर घोडा पाय उचलत न्हाई."

"म्हणून तर तुमी पायजे."

"लोक काय म्हणतील? अलीमला स्टेजवर बसवलं आन् ह्याचा दम गेला."

"तीन कडवी म्हणतील. मंग म्हणणार न्हाईत."

ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पण दुसऱ्या दिवशी तालमीला आले, धुतलेला शर्ट घालून.

गाणं मी असं बांधलं. पहिल्या कडव्यात शालनवहिनी एकटी. पेटी नुसता षड्ज धरून तिच्या मागं, भिंतीला टेकावं तेवढीच. दुसऱ्यात ढोलकी, बोटांनी, थाप न मारता, आणि बायकांचा कोरस. तिसऱ्यात वयस्कर बायका खालच्या आवाजात, तरण्या वरच्या. असं एकेक वाढत जाणार. पण कडव्यामागून येणाऱ्या ध्रुपदातलं "मान गं" म्हणून झालं की प्रत्येक वेळी थोडी जागा रिकामी. ढोलकी नाही, पेटी नाही, काही नाही. पाहुणा यायचाय म्हणून पाट मांडून ठेवावा, तशी. ती जागा तीनदा रिकामी जाणार, आणि चौथ्यांदा तिथं क्लॅरोनेटचे चार सूर येऊन बसणार. चारच.

तालमीत हे जमता जमेना. भाईंचा जन्म वरातीत गेलेला. शालनवहिनी जिथं श्वास घ्यायला थांबली तिथं त्यांनी मुरकी टाकलीच. एकदा, दोनदा, दहादा.

"भाई, तिचा श्वास ऐकू येऊ द्या की."

"श्वास ऐकायला कोण येतंय, बेटी?"

"मागच्या दावणीची बाई. तिला कळलं पायजे की म्हणणारी पण बाईच हाय."

त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं. "कॉलेजात शिकवतेत का हे?"

"न्हाई. हे मी आत्ता ठरवलं."

"मंग ठीक हाय," म्हणाले. माझ्या पदवीपेक्षा त्यांना माझं ठरवणं जास्त पटलं असावं.

त्या रिकाम्या जागेवर अजून एकाचा डोळा होता. कारखान्याच्या एका संचालकांचा माणूस छावणीत रोज चक्कर टाकायचा. तालीम ऐकून म्हणाला, "गाणं भारी हाय. ती मधली जागा रिकामी ऱ्हातीय बघा. साहेबांचं नाव तिथं बरोबर बसंल."

काकूंनी किल्ल्यांचा जुडगा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला सरकवला. "ती जागा बुक हाय," म्हणाल्या.

"कुणाच्या नावानं?"

"सभेला या. कळंल."

सभा भर दुपारी झाली, जाळीच्या हिरव्या सावलीत, त्यामुळं सगळ्यांचे चेहरे जरा हिरवट दिसत होते. संघाचे एक साहेब आले होते. टेम्पोचं काय ते आजच सांगून जाणार, असं सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून अहवालाचं वाचन कुणाच्या कानात शिरत नव्हतं. मग काकू उठल्या आणि म्हणाल्या, "आता संस्थेचं गाणं."

दगडूआबा मागून ओरडले, "बैलं धरा रे, पोरगी गाणार हाय."

हशा झाला, आणि खरंच काहीजणांनी उठून कासरे हातात घेतले.

शालनवहिनीनं सुरुवात केली. तिचा आवाज पहिल्या ओळीला कापला, दुसऱ्या ओळीला त्याला धार आली. ध्रुपद संपलं, आणि रिकामी जागा आली. तेवढ्यात एक घंटा वाजली कुठंतरी, एक वासरू हंबरलं. ढोलकी आली, कोरस आला. पुन्हा रिकामी जागा. आता लोक भाईंकडं बघायला लागले होते. ते ट्रॉलीच्या कडेला क्लॅरोनेट मांडीवर ठेवून बसलेले, नजर समोर. परळीकडच्या लोकांनी त्यांना अख्खी वरात नाचवताना पाहिलेलं. कुणीतरी कोपरखळी मारली, कुणी खुसखुसलं.

"भाई, डोळा लागला का?"

"औंदा दुष्काळ क्लॅरोनेटला बी पडला वाटतं."

 एका माणसाला त्याच्या सगळ्या ओळखीच्यांपुढं मी मुकं बसवलं होतं, केवळ माझ्या एका अंदाजावर. तिसरं कडवं संपलं. बायकांचे खालचे-वरचे आवाज एकत्र थांबले. तिसऱ्यांदा ती जागा रिकामी गेली, आणि यावेळी कुणी बोललं नाही. आता सगळी सभा त्या जागेत काहीतरी येण्याची वाट बघत होती. संघाच्या साहेबांनीसुद्धा हातातला पेन खाली ठेवला होता.

चौथं कडवं. राहू दे आपला मान गं. भाईंनी क्लॅरोनेट ओठाला लावलं.

चार सूर. वर चढणारे तीन, आणि शेवटचा पायरी उतरून येणारा. इतके दिवस घशात धरून ठेवलेला सगळा दम त्या चार सुरांत होता. जाळीच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी भांडी घासत बसलेल्या बायकांनी माना वर केलेल्या मी पाहिल्या. बैलांचे कान फिरले. उठलं कुणी नाही. कासरे धरून उभे असलेले लोक आपल्याच हातांकडं बघत राहिले.

पुढचं मी बसवलेलं नव्हतं. ध्रुपद पुन्हा आलं, भाईंनी चार सूर पुन्हा दिले, आणि समोर बसलेल्या बायकांनी ते तोंडानं म्हटले. शब्द नाहीत, नुसते सूर. भाई अजून वाजवू शकले असते, ताना घेऊ शकले असते, कुणी अडवलं नसतं. त्यांनी क्लॅरोनेट मांडीवर ठेवलं.

"संपलं व्हय?" दगडूआबा म्हणाले. आवाजात तक्रार होती. ती तक्रार मला टाळ्यांपेक्षा गोड लागली.

गाणं ऐकून संघाचे साहेब विरघळले वगैरे काही झालं नाही. ते म्हणाले, महिनाभर बघू, क्यान भरले तर टेम्पो येईल. म्हणजे प्रश्न होता तिथंच होता, फक्त आता आमच्याकडं हाक होती. दुसऱ्या दिवशी पहाटे गाणं भोंग्यावर लागलं. ड्रायव्हरला पहिल्या तीन कडव्यांचा धीर नव्हता. त्यानं थेट चौथं लावलं. मला राग आला, पण मागच्या दावणीतून दोन बायका कासंड्या घेऊन आल्या तेव्हा तो गेला. नंतर चार. आठवड्याभरानं फाटकाशी रांग लागली, आणि चहावाल्यांचा माणूस रिकामी किटली घेऊन परत जाताना भाईंनी त्याला हाक मारून बसवलं आणि आपल्या म्हशीच्या दुधाचा चहा पाजला. महिना संपला. टेम्पो आला. त्याच्या पुढच्या महिन्यातही आला. छावणी उठून सगळे गावी परतले तेव्हा काकूंनी कमरेच्या किल्लीनं संस्थेचं दार उघडलं, आणि उघडताना तोंडानं काय गुणगुणत होत्या ते मला बाहेर उभं राहून ऐकू आलं.

आता माझ्याकडं लोक गाणी करून घ्यायला येतात. जयंतीची, निवडणुकीची, देवीची, कारखान्याच्या मोळीपूजनाची. बहुतेकांची मागणी एकच: "ताई, भरगच्च पायजे." भरगच्चला माझी ना नाही. मी लग्नाच्या गाण्याला अख्खा बँड लावलाय, ताशासकट, आणि तो तसाच हवा होता. पण मी आधी विचारते, ऐकणारा कुठं बसणार आहे? त्याच्या आणि गाण्याच्या मधे काय काय आवाज आहेत? आणि पाट कुणासाठी मांडायचा? या तिसऱ्या प्रश्नावर लोक गोंधळतात. मग मी त्यांना चहा देते आणि माझं मी ठरवते.

सुनीलला मी त्या दुपारी सगळी व्हायोलिनं काढायला लावली, एक सोडून. मग म्हटलं, ध्रुपदाच्या शेवटी जागा रिकामी ठेव.

"तिथं काय टाकायचं?"

"अजून ठरायचंय."

"मंग तोपर्यंत कीबोर्डचा एखादा पॅड धरून ठेवू का ताई, नुसता लांब सूर?"

"रिकामी म्हंजी रिकामी, बाबा."

आणि त्याच संध्याकाळची गाडी धरून मी छावणीत मुक्कामाला गेले. तेच आवार, तीच जाळी, तीच गार चिमणी. आई आता थकली, तिनं गाय तेवढी ठेवली आहे. तांबडा जाऊन बरीच वर्षं झाली. काकू अजून अध्यक्षा आहेत, चष्म्याची भिंगं आणखी जाड. पहाटे उठले तेव्हा अलीमभाई खाटेवर बसले होते. त्यांचे पुढचे दात गेलेत, आणि दातांशिवाय क्लॅरोनेट वाजत नाही. मी त्याबद्दल काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "थांब, आत्ता येईल. माझे दात त्या टेम्पोला बसवलेत."

मला समजेना. तेवढ्यात फाटकाशी टेम्पो वळला. ड्रायव्हर नवा होता, त्या साली तो शाळेत असेल. भोंगा नव्हता, गाणंही नव्हतं. त्यानं हॉर्न दाबला.

चार सूर. तीन चढणारे, एक उतरून येणारा. काकूंनी जुन्या ड्रायव्हरच्या मागं लागून तसा हॉर्नच बनवून घेतला होता, आणि टेम्पो बदलला तरी ड्रायव्हर तोच हॉर्न काढून नव्याला लावत आले होते. तिसरा सूर जरा उतरलेला आहे. माझ्या कानाला तो खुपला. शब्द गेले, कडवी गेली, ढोलकी, पेटी, शालनवहिनीचा श्वास, सगळं गेलं. मी मांडलेला पाट नि त्यावर बसलेला पाहुणा तेवढा उरला. मला याचं वाईट वाटायला हवं होतं का, हे मी तिथं उभी राहून स्वतःला विचारलं. वाटलं नाही.

हॉर्न विरला आणि जाळीखाली सळसळ झाली. दावणीतल्या गाई एकेक करून उठत होत्या, आधी मागचे पाय, मग पुढचे. एकीनंही दावं ताणलं नाही. बायका धारा काढायला कासंड्या घेऊन आपापल्या दावणीकडं निघाल्या होत्या, आणि गाई उभ्या राहून त्यांची वाट बघत होत्या.